स्किनर्स कोव्हमधला पाचवा

देशातल्या प्रत्येक माणसाचं खासगी आयुष्य ही राष्ट्राने विश्वासाने सांभाळायला घेतलेली ठेव आहे, आणि तिला कोणाच्याही हातून, कोणत्याही कारणासाठी धक्का लागता कामा नये. हे वाक्य ज्या भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं, तिच्याखाली लिअँडर स्नूक सोमवारी सकाळी नऊ वाजता प्लास्टिकचा ट्रे घेऊन उभा होता आणि डॉक्टर नोरीन फ्युरी यांनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून त्यात ठेवावी याची वाट बघत होता.

"ही केस वर राहावेत म्हणून आहे," नोरीन म्हणाली.

"तिला टोक आहे."

"मग केसांना काय लावू?"

"रबर चालतं. पेन्सिलीचं नाही, केसांचं."

नोरीनने पेन्सिल ट्रेमध्ये टाकली. फोन, घड्याळ आणि सफरचंद आधीच त्यात पडलेलं होतं. लिअँडरने ट्रे चार नंबरच्या कप्प्यात ठेवला, किल्ली तिच्या हातात दिली, वहीत वेळ लिहिली आणि आतलं दार उघडलं. दार दमट हवेने फुगलं होतं. ते उघडायला खांद्याने एक धक्का आणि बुटाने एक लाथ लागत असे, आणि या कामाचा अधिकार फक्त लिअँडरला होता.

सेंट जॉन्सच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात ही खोली होती. लोकांनी जनगणनेत, दवाखान्यांत, करखात्यात सांगितलेलं आणि सांख्यिकी खात्याकडे जमा झालेलं सगळं या खोलीतल्या सहा संगणकांवर बघता येत असे. त्यासाठी अभ्यासकाने पोलिसांकडे दहा बोटांचे ठसे द्यायचे, शपथ घ्यायची, वीस प्रश्नांची परीक्षा पास व्हायची आणि मग या बिनखिडकीच्या खोलीत येऊन बसायचं. आत नेलेली वस्तू बाहेर नेता येत नसे आणि बाहेरची आत. टिपणं पिवळ्या कागदावर, तीही खोलीतच ठेवायची. बाहेर जाई तो फक्त शेवटचा तक्ता, आणि तो जाऊ द्यायचा की नाही हे लिअँडर ठरवत असे. एकवीस वर्षांत या खोलीतून एकच गोष्ट चोरीला गेली होती. टेबलफॅन.

लिअँडरचं वय साठ. सप्टेंबरअखेर तो निवृत्त होणार होता. अंगाने बारीक, चालताना उजवा पाय किंचित जपून टाकणारा. त्या पायाची करंगळी साखरेच्या आजारात गेली होती. मन अस्वस्थ झालं की नेमकी तीच, नसलेली करंगळी खाजायची. बुटात हात घालून काही उपयोग नसे.

साडेअकरा वाजता नोरीनने तक्ता तपासायला दिला.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सरकारच्या बोट-समितीला पोचवायचाय," ती म्हणाली. "त्यानंतर ते काही घेणार नाहीत. बोट बंद करायचं जवळजवळ ठरवलंय त्यांनी. तिकडे आजारी माणसंच नाहीत म्हणतात."

दक्षिण किनाऱ्यावरच्या सात गावांना रस्ता नाही. आठवड्यातून दोनदा बोट जाते. तिच्यातून पीठ, टपाल आणि माणसं येतात-जातात. तक्त्यात प्रत्येक गावाची एक ओळ होती: पंचावन्नच्या वरचे असे किती रहिवासी आहेत, ज्यांना नेमाने दवाखान्यात जावं लागतं. सगळ्यात खालची ओळ सगळ्यात लहान गावाची. स्किनर्स कोव्ह. पाच.

"पाच चालतात ना?" नोरीनने विचारलं.

"पाच चालतात."

पाचाच्या खालचा आकडा मात्र चालत नाही, हा या खोलीतला पहिला नियम. चौकटीत चारच माणसं असली की ती कोण हे शेजाऱ्याला ओळखता येतं, म्हणून तिथे फुली मारायची. तेवढ्यावर भागत नाही. एकूण बेरजेतून बाकीचे आकडे वजा केले की फुलीखालचा आकडा उघडा पडतो. म्हणून तिच्या सोबतीला आणखी एका गावावर फुली मारायची, त्या गावाचा काही गुन्हा नसताना. इथे तशी वेळ आली असती, तर ती पाळी सातांतल्याच पॉटल्स हार्बरची होती. त्यांचे नऊ होते.

"तुम्ही तिकडचेच ना, मिस्टर स्नूक? बोलण्यावरून वाटतं."

"या खोलीत मी कुठलाच नाही."

"आणि खोलीबाहेर?"

"खोलीबाहेर स्किनर्स कोव्हचा."

नोरीनने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. परीक्षेतल्या वीसपैकी वीस प्रश्न तिचे बरोबर आले होते.

आकडा बरोबर काठावर असला की मूळ ओळी उघडून बघायच्या, असाही एक नियम होता. जेवणाआधी लिअँडरने त्या उघडल्या. ओळींना नावं नसतात. नावाच्या जागी बारा अंकी खूण असते. पहिल्या चार ओळी सरळ होत्या. दोन मच्छीमार, दोन गृहिणी, सगळे सत्तरीपुढचे. पाचवी ओळ: पुरुष, साठ. साखरेचा आजार. उजव्या पायाची करंगळी काढलेली. व्यवसाय: सरकारी सांख्यिकी तपासनीस.

लिअँडरने ती ओळ पुन्हा वाचली. मग उठून दारापर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. स्किनर्स कोव्हची वस्ती सतरा. त्या सतरांत सरकारी सांख्यिकी तपासनीस किती असतील याचा अंदाज करायला परीक्षा पास होण्याची गरज नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी तो तिथून निघाला होता. सेंट जॉन्समध्ये त्याचं घर होतं, बायको होती, गल्लीत कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा वार ठरलेला होता. पण या ओळीच्या म्हणण्याप्रमाणे तो स्किनर्स कोव्हला राहत होता आणि दर महिन्याला बोटीत बसून डॉक्टरकडे येत होता. प्रत्यक्षात तो दहा नंबरच्या बसने जायचा.

म्हणजे पाच नव्हते. चार होते. चार म्हणजे फुली, आणि समितीतली माणसं फुली म्हणजे शून्यच समजतील हे त्याला ठाऊक होतं. आणि त्या चारांतली एक गृहिणी शहाऐंशी वर्षांची होती.

करंगळी खाजायला लागली.

*

जेवणाचा डबा न उघडता तो वर गेला आणि ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवरून आईला फोन लावला. बंदरावर धुकं बसलं होतं.

"जेवलास का?" ड्रुसिला स्नूकने विचारलं. तिचं वय शहाऐंशी, आणि फोनवर ती अंतराच्या हिशेबाने ओरडून बोलायची.

"जेवतो. आई, एक विचारायचं होतं."

"हायरमचं मूत्रपिंड गेलं बघ. दुसरंपण. आता आठवड्यातून दोनदा बोट. माझं तर चालूच आहे. आणि एफीच्या छातीत परत गाठ."

"आई, हे असं फोनवर सांगू नये."

"का? एफी इथंच बसलीये. एफी, लिअँडर विचारतोय गाठ कशी आहे."

"मी नाही विचारलं."

"बरी आहे म्हणते. आणि कॅलेबचं फुप्फुस. तो कोणाला सांगत नाही, पण खोकतो तर अख्ख्या कोव्हला ऐकू जातं."

राष्ट्राची ठेव असलेल्या चारही ओळी लिअँडरच्या कानात क्रमाने वाजल्या. ज्या माणसांचं गुपित शेजाऱ्यांपासून वाचवण्यासाठी तो पगार घेत होता, ती माणसं शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होती.

"आई," तो म्हणाला, "जनगणनेचा फॉर्म आला होता ना. त्यात घरात कोण कोण लिहिलंस?"

"मी आणि तू."

"मी इथे राहतो, आई."

"ठाऊक आहे मला. फॉर्मवर छापलं होतं, घरातलं कोणी कामापुरतं बाहेर असेल तर त्याचंही नाव लिहा. लिहिलं."

"एकतीस वर्षं झाली."

"काम संपलं का तुझं?"

"नाही."

"मग."

लिअँडरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जाताना तूच म्हणालास, हिवाळ्यापुरता जातो म्हणून," ड्रुसिला म्हणाली. "मी काय मनाचं लिहिलं? बूट इथंच आहेत तुझे, दाराशी. शनिवारी शनिवारी पुसते. रबर तडकलंय जरा, पण पाय जाईल. करंगळी नाही म्हणजे सैलच होतील."

"बोटीचं काही कळलं का?"

"बंद करणारेत म्हणतात. कोणीतरी कुठेतरी मोजतंय म्हणे. मोजणारे चांगले असले म्हणजे झालं." मग जरा आवाज खाली आणून ती म्हणाली, "तू विचारत का होतास पण?"

"ते सांगता येत नाही."

"तुला ओरडा तर बसणार नाही ना माझ्यामुळे?"

"नाही."

"बसला तर सांग, आईने लिहिलं. मी बघते त्यांच्याकडे."

*

आकड्यांमध्ये कोणाही माणसाला ओळखण्याचा प्रयत्न करायचा नाही, हा दुसरा नियम. चुकून ओळखलंच, तर त्याच दिवशी वरती कळवायचं. लिअँडरने एकवीस वर्षांत कित्येक अभ्यासकांना हे समजावलं होतं. दुपारी तीन वाजता त्याने राजधानीत, ओतावाच्या मुख्य कचेरीत फोन लावला. तिथल्या गोपनीयता विभागात लाशांस नावाच्या बाई होत्या. त्यांचा आवाज कायम आत्ताच हात धुतल्यासारखा स्वच्छ असे.

"तुम्ही आकड्यांमध्ये एका व्यक्तीला ओळखलंत," लाशांसबाई म्हणाल्या.

"हो."

"ती तुमच्या परिचयाची आहे?"

"बऱ्यापैकी."

"नातं?"

"मीच आहे तो."

पलीकडे टंकलेखनाचा आवाज थांबला. "कशावरून?"

"करंगळीवरून."

"म्हणजे तुम्ही ओळखण्याचा प्रयत्न केलात."

"प्रयत्न नाही केला. दिसलो."

"मिस्टर स्नूक, आपण स्वतः दिसण्याचा संभव आहे हे लक्षात घेऊन तुम्ही ती ओळ दुसऱ्या तपासनिसाकडे द्यायला हवी होती."

"इथे दुसरा तपासनीस नाही. आणि न वाचता कळणार कसं?"

"तो वेगळा मुद्दा आहे," लाशांसबाई म्हणाल्या आणि त्यांनी बारा नंबरचा फॉर्म पाठवला.

फॉर्ममध्ये ज्याची गोपनीयता भंगली त्याचं नाव विचारलं होतं. लिअँडरने आपलं लिहिलं. मग भंग करणाऱ्याचं नाव. तेही लिहिलं. बाधित व्यक्तीला झाला प्रकार सांगितला आहे काय? हो. बाधित व्यक्तीची प्रतिक्रिया काय होती? लिअँडरने विचार केला आणि लिहिलं, अस्वस्थ.

शेवटच्या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं की आपण सेंट जॉन्सला राहतो, ओळ चुकीची असण्याचा संभव आहे, आणि ती वगळल्यास आकडा चार होईल. आपली आईही त्या चारांत आहे हे मात्र त्याने लिहिलं नाही. ते लिहिणं म्हणजे आणखी एका माणसाला ओळखणं झालं असतं, आणि त्याला वेगळा फॉर्म लागला असता.

मंगळवारी नोरीनने विचारलं. "झालं का?"

"तपासतोय."

"काय तपासताय?"

"ते सांगता येत नाही."

बुधवारी ती पुन्हा आली. या वेळी केसांना रबर होतं. "मिस्टर स्नूक, मी ठसे दिले, शपथ घेतली, सफरचंदसुद्धा दिलं. माझ्या तक्त्यात चूक असेल तर सांगा, मी आत्ता दुरुस्त करते."

"तुमची चूक नाही."

"मग कोणाची?"

लिअँडर टेबलावरची किल्ली या बाजूची त्या बाजूला ठेवत राहिला. "चूक आहे की नाही, तेच विचारलंय," तो म्हणाला.

ती दोन्ही हात टेबलावर टेकून वाकली. "त्या सातही गावांत मी हिंडलेय. स्किनर्स कोव्हला एका म्हातारीने मला बेकॲपलच्या रानफळांचा जॅम दिला आणि म्हणाली, माझा मुलगाही तुझ्यासारखंच मोजण्याचं काम करतो, सेंट जॉन्सला, हिवाळ्यापुरता गेलाय. मी तिला म्हटलं, आता जुलै आहे. तर म्हणाली, येईल."

लिअँडरने किल्ली खिशात टाकली. "हे तुम्ही मला सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"नाही सांगितलं," नोरीन म्हणाली आणि आपल्या संगणकावर जाऊन बसली.

*

गुरुवारी दुपारी ओतावाहून उत्तर आलं. तीन पानं होती. स्वतःला ओळखणं हा भंग ठरत नाही, कारण बाधिताची संमती गृहीत धरता येते. संबंधिताने यापुढे स्वतःला ओळखण्याचे टाळावे. राहता राहिला आकडा. कामासाठी बाहेर असलेला माणूस मूळ घरी परतण्याचा इरादा बाळगून असेल, तर तो काळ कितीही असो, त्याची गणना मूळ घरी होते. तेव्हा ओळ बरोबर आहे की चूक हे केवळ संबंधितच सांगू शकतो. खाली एकच प्रश्न होता आणि दोन चौकटी.

स्किनर्स कोव्ह येथे परत जाण्याचा आपला इरादा आहे काय? हो. नाही.

चौकट रिकामी ठेवता येणार नाही. खोटं उत्तर देणं हा कायद्याने गुन्हा आहे.

लिअँडरने तो कागद पालथा घातला आणि सुलटा केला. नंतर खोलीभर फिरला. सहा संगणक, दोन दारं, भिंतीवरचं वाक्य. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कितीतरी जणांनी विचारला होता, पण उत्तर कधी कोणी लेखी मागितलं नव्हतं. "बघू" अशी चौकट कुठे दिसते का, म्हणून त्याने कागद उजेडाकडे धरून पाहिला.

संध्याकाळी बायको डॉटने खारवलेली कॉड आणि बटाटे वाढले. तो काट्याने मासा इकडून तिकडे करत होता.

"समज," तो म्हणाला, "एखाद्या माणसाला कोणी विचारलं, की तू गावी परत जाणार का—"

"तुला कोणी विचारलं?"

"मला नाही. एखाद्या माणसाला."

"त्या माणसाची आई असेल गावी," डॉट म्हणाली, "आणि बूट दाराशी."

लिअँडरने वर पाहिलं.

"मला काय बघतोस? दर नाताळला फोन स्पीकरवर टाकून ओरडून बोलता तुम्ही दोघं. एकतीस वर्षं ऐकतेय. आधी म्हणायचास, कर्ज फिटलं की. मग म्हणालास, बढती झाली की. आता निवृत्ती."

"मग त्या माणसाने काय सांगावं?"

डॉट बटाट्यावर लोणी फासत राहिली. "खरं सांगावं. पण मी येणार नाही, हेही खरंच आहे. मी समोरच्या खोलीचे पडदे आत्ता कुठे शिवलेत. आणि तिथे मे महिन्यात बर्फ असतं, तुझी आई मला अजून 'ती सेंट जॉन्सची पोरगी' म्हणते."

"तू अठ्ठावन्नची आहेस."

"ते तिला सांग." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुला जायचंय का, लिअँडर?"

त्याने तोंड उघडलं. मग मासा खाल्ला.

"हं," डॉट म्हणाली. "एकतीस वर्षांत प्रथमच 'बघू' नाही म्हणालास."

शुक्रवारी सकाळी तो सातलाच खोलीत पोचला. दाराला खांदा दिला, लाथ मारली. खुर्चीत बसून कागद पुढ्यात घेतला. आई मेली की मग बूट कोण पुसणार, असा एक विचार आला. मग बोट नसली तर आई दवाखान्यात जाणार कशी, असा दुसरा. आणि आपण यातलं काहीच विचारात घ्यायचं नाही, प्रश्न एवढाच आहे की इरादा आहे की नाही, असा तिसरा. इरादा आहे का, हे त्याने स्वतःला बरंच शोधून पाहिलं. आत कुठेतरी तो होता. वापरलेला नव्हता, इतकंच.

त्याने "हो"च्या चौकटीत खूण केली. सही केली. कागद ओतावाला पाठवला. तक्त्यावर "प्रकाशनास योग्य" असा शिक्का मारला, तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नोरीनने तक्ता उभ्याउभ्याच वाचला. हाताचं बोट ओळींवरून खालपर्यंत आणलं. स्किनर्स कोव्ह, पाच. पॉटल्स हार्बर, नऊ.

"आभार," ती म्हणाली. "कोणाचे मानायचे?"

"आकड्यांना नाव नसतं," लिअँडर म्हणाला आणि तिची पेन्सिल परत दिली.

पावणेबाराला तक्ता समितीच्या संकेतस्थळावर चढला, जोडपत्र सात म्हणून. नीट चढला का, हे लिअँडरने तिथे उघडून पाहिलं. जाताना वाटेतच नोरीनने पेन्सिल अंबाड्यात खोचली होती.

*

समितीचा निर्णय ऑगस्टमध्ये छापून आला. नोव्हेंबरपासून बोट दर पंधरा दिवसांनी एकदा, गुरुवारी. अहवालाच्या शेवटी सह्या होत्या, आणि सह्यांखाली तारीख. तक्ता चढला त्या शुक्रवारच्या नऊ दिवस आधीची. दहापेक्षा कमी रुग्ण असलेली गावं "इतर" या एकाच ओळीत होती. त्यामुळे पॉटल्स हार्बरही त्यातच गेलं.

आईने फोनवर एवढंच विचारलं, की पंधरा दिवसांतला गुरुवार नेमका कोणता धरायचा, पहिला की दुसरा. हायरमला आठवड्यातून दोनदा जावं लागत होतं. त्याला मुलीने आपल्याकडे नेलं. म्हणजे कोव्हमध्ये पंधरा उरले.

"सोळा," ड्रुसिला म्हणाली. "तुला धरून."

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी लिअँडरने कप्प्यांच्या किल्ल्या मोजून दिल्या, पिवळे कागद यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या केल्या आणि चालू असलेल्या कामांच्या फायली बंद केल्या. फाइल बंद करताना बाहेर गेलेल्या तक्त्याचा वापर किती झाला याची नोंद जोडावी लागते. समितीच्या संकेतस्थळावर कोणतंही जोडपत्र उघडायचं तर आधी नाव आणि राहतं गाव भरावं लागे. त्याने जोडपत्र सातची नोंद मागवली. ती एका ओळीची आली.

समितीचे सदस्य: शून्य. इतर: एक. एल. स्नूक, स्किनर्स कोव्ह.